अंगण वाकडे असते तेव्हा

(यंत्र असो, अर्ज असो किंवा संगणकाच्या पडद्यावरचे पान असो, ते वापरताना माणूस अडखळला, तर दोष कोणाचा? कारखान्यांची आणि कंपन्यांची संकेतस्थळे सोपी करताना हा प्रश्न कसा सोडवतात, ते या पाठात सांगितले आहे.)

'नाचता येईना अंगण वाकडे' ही मराठी म्हण तुम्ही ऐकली असेल. उर्दूतही ही म्हण जवळजवळ याच शब्दांत आहे. स्वतःला काम जमत नाही आणि माणूस दोष मात्र दुसऱ्याच वस्तूला देतो, अशा वेळी आपण ही म्हण वापरतो. म्हण खरी आहे. पण मुलांनो, कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते. अशा वेळी नाचणाऱ्याला हसून काय उपयोग? आधी अंगण सारखे करायला हवे.

एखादा छापील अर्ज आठवा. नाव लिहायला बोटभर जागा आणि पत्ता लिहायला त्याहून कमी! 'वरीलप्रमाणे' असे लिहिलेले असते, पण वरील म्हणजे नेमके कोणते, ते कळत नाही. दोनतीनदा खाडाखोड होते. मग आपण मनात म्हणतो, "मलाच काही समजत नाही." घरातील वडीलधारी माणसे तर असा अर्ज दुसऱ्याकडून भरून घेतात आणि संकोचाने गप्प बसतात. हा अर्ज कोणी तयार केला? छापण्यापूर्वी त्याने तो कोणाकडून भरून पाहिला होता का? हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही.

ज्यांनी हा प्रश्न विचारला, त्यांच्यामुळे एक नवे शास्त्र तयार झाले. वस्तू वापरणाऱ्याचे काम पुरे होते का, ते कमी कष्टांत होते का आणि त्याला समाधान मिळते का, या तीन गोष्टी हे शास्त्र तपासते. या गुणाला 'वापरसुलभता' म्हणतात.

या शास्त्राची एक जुनी गोष्ट दुसऱ्या महायुद्धातील आहे. अमेरिकेच्या 'बी-१७' या बाँबफेकी विमानांना एक विचित्र अपघात पुन्हा पुन्हा होत असे. विमान धावपट्टीवर सुखरूप उतरे. त्यानंतर वैमानिकाने पंखांच्या मागील झडपा वर घ्यायच्या असत. पण तो चुकून चाकेच वर घेई आणि विमान पोटावर आदळे. "वैमानिकाची चूक" असा शेरा मारून कागद बंद केला जाई. अल्फोन्स चापानिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने मात्र विमानात बसून नीट पाहिले. झडपांची कळ आणि चाकांची कळ शेजारी शेजारी होत्या आणि दिसायलाही सारख्याच होत्या. 'सी-४७' या विमानात त्या तशा नव्हत्या, आणि त्या विमानाचे वैमानिक ही चूक करीत नव्हते. चापानिस यांनी साधा उपाय सुचवला. चाकांच्या कळीला रबराचे लहानसे चाक लावले आणि झडपांच्या कळीला पाचरीसारखा तुकडा लावला. आता अंधारातही हाताला फरक कळू लागला. वैमानिक तेच होते, घाईही तीच होती. बदलली होती ती फक्त कळ.

दुसरी गोष्ट कारखानदारीची आहे. झेरॉक्स कंपनीचे नाव तुम्हांला ठाऊकच आहे. आपण तर कागदाच्या छायाप्रतीलाच 'झेरॉक्स' म्हणतो. १९८० नंतरच्या काही वर्षांत या कंपनीने अनेक कामे करणारे मोठे यंत्र तयार केले. पण यंत्र फार किचकट आहे, अशा तक्रारी येऊ लागल्या. कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात लूसी सचमन या मानववंशशास्त्रज्ञ काम करीत होत्या. मानववंशशास्त्रज्ञ लोकांमध्ये राहून त्यांचे वागणे पाहतात. सचमन यांनी तेच यंत्राच्या बाबतीत केले. त्यांनी दोन दोन माणसांना यंत्रापुढे उभे केले, त्यांना काम दिले आणि त्यांचे चित्रण केले. दोघे असल्यामुळे ती माणसे आपसांत बोलत, आणि त्यांच्या मनात काय चालले आहे, ते कळे. एका चित्रणात त्याच क्षेत्रातले दोन नामवंत शास्त्रज्ञ कागदाच्या दोन्ही बाजूंना प्रती काढण्यासाठी धडपडताना दिसतात. एवढी विद्वान माणसे जर अडखळतात, तर "वापरणारा अडाणी आहे" असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

आता आपण संकेतस्थळाकडे, म्हणजेच वेबसाइटकडे वळू. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील 'सर्न' या संशोधन संस्थेत महाजालाची कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये ते जगाला खुले झाले. १९९३ मध्ये सर्नने ते सर्वांसाठी विनामूल्य केले. त्यानंतर कंपन्यांनी भराभर आपली पाने तयार केली. प्रत्येकाला वाटे, आपले नाव पडद्यावर झळकले म्हणजे झाले. पण दुकानाची पाटी मोठी असून भागत नाही. आत शिरल्यावर हवी ती वस्तू सापडावी लागते.

सन मायक्रोसिस्टिम्स ही संगणक बनवणारी अमेरिकन कंपनी होती. तिची स्थापना १९८२ मध्ये झाली आणि २०१० मध्ये ती ओरॅकल कंपनीने विकत घेतली. १९९४ मध्ये या कंपनीला आपल्या कर्मचाऱ्यांसाठी अंतर्गत संकेतस्थळ तयार करायचे होते. याकोब निल्सन आणि डॅरेल सॅनो या दोघांनी ते काम हाती घेतले. त्यांनी अवघ्या दोन आठवड्यांत चार चाचण्या घेतल्या. त्या चाचण्या इतक्या साध्या होत्या, की त्या तुम्हांलाही शाळेत घेता येतील.

पहिल्या चाचणीसाठी त्यांनी संकेतस्थळावर द्यायची माहिती लहान लहान पत्त्यांवर लिहिली. एका पत्त्यावर एकच विषय. मग कर्मचाऱ्यांना सांगितले, "तुम्हांला जे पत्ते एकमेकांजवळचे वाटतात, त्यांचे गठ्ठे करा." असे केल्याने माहितीची विभागणी लोकांच्या डोक्यात कशी आहे, ते समजले. साहेबांच्या डोक्यात ती कशी आहे, हा प्रश्नच उरला नाही.

दुसऱ्या चाचणीत त्यांनी प्रत्येक विभागासाठी काढलेली चित्रे नावाशिवाय दाखवली आणि विचारले, "हे कशाचे चित्र आहे?" कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या सवलतींसाठी एक चित्र होते. त्यात औषधोपचार आणि पैसा या दोन्ही गोष्टी सुचवल्या होत्या. चित्रकाराला ते स्पष्ट वाटले. पण पाहणाऱ्यांपैकी कोणी म्हणाले "पैसा", कोणी म्हणाले "इस्पितळ", कोणी म्हणाले "औषधपाणी फार महाग आहे", तर कोणी सरळ "ठाऊक नाही" म्हणाले. अर्थात ते चित्र बदलावे लागणार, हे उघड झाले.

तिसऱ्या चाचणीत चित्रे टेबलावर मांडली आणि कोणता पत्ता कोणत्या चित्राखाली जाईल, ते लोकांना ठरवायला सांगितले. चौथ्या चाचणीत पानाचा नमुना समोर ठेवला आणि लोकांना मोठ्याने विचार करायला सांगितले. "येथे बोट लावले तर मला हे मिळेल असे वाटते," असे ते बोलत गेले आणि संशोधक ऐकत गेले. ऑक्टोबर १९९४ मध्ये शिकागो येथे भरलेल्या परिषदेत निल्सन आणि सॅनो यांनी ही हकीकत मांडली.

तुम्ही विचाराल, "दोनचार माणसांना विचारून काय कळणार? हजारो लोकांना विचारायला नको का?" या शंकेला एक छान हिशेब उत्तर देतो. निल्सन आणि टॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये अनेक चाचण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के दोष उघड होतात, असे त्यांना दिसले. समजा, एखाद्या पानात १०० दोष आहेत. पहिल्या माणसामुळे ३१ कळले, ६९ राहिले. दुसऱ्या माणसाला त्यातले काही जुनेच दोष दिसतात आणि काही नवे दिसतात. सुमारे ४८ राहतात. तिसऱ्यानंतर ३३, चौथ्यानंतर २३ आणि पाचव्यानंतर सुमारे १६ उरतात. म्हणजे पाच माणसांतच ८४ दोष सापडले! हा सरासरीचा हिशेब आहे, प्रत्येक वेळी तो तंतोतंत जुळेलच असे नाही. पण त्यातून शहाणपण मिळते ते असे: एकदम पन्नास माणसे बसवू नका. पाच माणसांना बसवा, दोष दुरुस्त करा आणि पुन्हा नव्या पाच जणांना बसवा.

कारखान्याच्या मालाचे संकेतस्थळ असेल, तर ही तपासणी अधिकच आवश्यक ठरते. असे का, ते एका उदाहरणाने पाहू. मालेगाव आणि भिवंडी ही गावे यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहेत. समजा, एका मागाच्या मोटारीतील बेअरिंग खराब झाले आहे. माग बंद आहे. माग बंद म्हणजे कारागिराची त्या दिवसाची मजुरी बंद. फिटरने जुने बेअरिंग काढून पुसले. त्याच्या कडेवर ६२०५ असा आकडा कोरलेला आहे. हा आकडा नुसता क्रमांक नाही, ती एक भाषाच आहे. पहिला ६ हा अंक बेअरिंगचा प्रकार सांगतो. पुढचा २ हा अंक मापाची मालिका सांगतो. शेवटच्या ०५ ला ५ ने गुणले, की आतील भोकाचा व्यास मिळतो: २५ मिलिमीटर. या बेअरिंगचा बाहेरील व्यास ५२ मिलिमीटर आणि जाडी १५ मिलिमीटर असते. जगातील कोणत्याही कंपनीचे ६२०५ घेतले, तरी ही मापे तीच राहतात.

आता हा फिटर आपल्या मोबाइलवर एखाद्या बेअरिंग कंपनीचे संकेतस्थळ उघडतो. पहिल्या पानावर इमारतीचे भव्य छायाचित्र आहे. त्याखाली अध्यक्षांचा संदेश आहे. त्याखाली कंपनीला मिळालेली पारितोषिके आहेत. मालाची यादी कुठे आहे? ती 'औद्योगिक समाधान विभाग क्रमांक दोन' या नावाखाली आहे. कंपनीच्या कार्यालयात असा विभाग असेलही, पण फिटरला त्याचे काय? त्याच्या हातात फक्त ६२०५ हा आकडा आहे, आणि तो लिहायला पानावर जागाच नाही. त्याने दोन मिनिटे शोधले आणि पान बंद केले. "हे आपल्यासारख्यांसाठी नाही," असे तो म्हणाला. कंपनीचे गिऱ्हाईक गेले, माग बंदच राहिला आणि दोष मात्र फिटरने स्वतःकडे घेतला.

हे पान सुधारायचे, तर काय करावे? आधी पानावर कोण कोण येते, ते शोधावे. फिटर क्रमांक घेऊन येतो. यंत्र तयार करणाऱ्या अभियंत्याला मापे आणि आराखडा हवा असतो. खरेदी पाहणाऱ्या कारकुनाला किंमत आणि माल मिळण्याचा दिवस हवा असतो. तिघांची कामे वेगळी, म्हणून तिघांनाही बसवून पाहावे.

बसवताना काही नियम पाळतात. पहिला नियम असा, की समोरच्याला आधीच सांगावे, "परीक्षा तुमची नाही, आमच्या पानाची आहे." दुसरा नियम, काम त्याच्या भाषेत सांगावे. "सुटे भाग या बटणावर जाऊन बेअरिंग शोधा" असे म्हटले, तर उत्तरच सांगितल्यासारखे होते. "मोटारीतून हे जुने बेअरिंग निघाले आहे, असेच नवे मागवायचे आहे," एवढेच म्हणावे. तिसरा नियम सर्वांत अवघड आहे: गप्प बसावे. ज्याने पान तयार केले, त्याचे बोट सारखे शिवशिवते. "अहो, तिकडे नाही, इकडे!" असे म्हणावेसे वाटते. पण उद्या फिटर आपल्या कारखान्यात एकटा असेल, तेव्हा 'इकडे' सांगायला तेथे कोणी नसेल. म्हणून तो कुठे थांबला, कुठे मागे फिरला, कोणता शब्द वाचून कपाळाला आठी पडली, ते लिहून घ्यावे.

मग दुरुस्ती करावी. क्रमांक लिहिण्याची चौकट सर्वांत वर आणावी. कार्यालयातील विभागांची नावे काढून लोकांच्या तोंडी असलेली नावे द्यावीत. अध्यक्षांचा संदेश हवा तर ठेवावा, पण वाटेत ठेवू नये. आणि दुरुस्तीनंतर पुन्हा पाच माणसांना बसवावे. कारण एक दोष काढताना दुसरा घुसतो.

भाषेची गोष्टही यातच येते, आणि ती तुमच्या चांगली परिचयाची आहे. मराठी आणि इंग्रजी डावीकडून उजवीकडे लिहितात. उर्दू उजवीकडून डावीकडे. म्हणून उर्दू पान करताना केवळ शब्द बदलून चालत नाही. यादी उजव्या कडेला सुरू करावी लागते. 'पुढे' दाखवणारा बाण डावीकडे वळवावा लागतो. नस्तालिक लिपीतील अक्षरे तिरकी उतरत जातात, म्हणून दोन ओळींत अंतरही जास्त ठेवावे लागते. मात्र आकडे उर्दूतही डावीकडूनच वाचतात. ६२०५ उलटा झाला, तर वेगळाच क्रमांक होईल! या गोष्टी ज्याला उर्दू येत नाही, त्याच्या लक्षात सहसा येत नाहीत. उर्दू वाचणारा माणूस पानापुढे बसवला, की पाच मिनिटांत लक्षात येतात.

मुलांनो, तुमच्यापैकी काही जण पुढे अभियंते होतील, काही शिक्षक होतील, कोणी दुकान चालवील, तर कोणी कार्यालयात अर्ज तयार करील. प्रत्येकाच्या हातून लोकांनी वापरायची काही ना काही वस्तू घडणार आहे. ती वापरताना कोणी अडखळला, तर त्याला हसू नका. त्याच्याजवळ बसा, गप्प राहा आणि पाहा. तो तुम्हांला तुमच्या अंगणातला खड्डा दाखवीत आहे.

शब्दार्थ

संकोच – लाज वाटून मागे राहणे
किचकट – समजायला अवघड
कळ – यंत्र सुरू, बंद किंवा वरखाली करण्याचा दांडा अथवा बटण
पाचर – फटीत ठोकायचा, एका टोकाला निमुळता तुकडा
धडपडणे – नेटाने, पण अडखळत प्रयत्न करणे
सवलत – विशेष सोय
आराखडा – मापांसह काढलेली आकृती
गिऱ्हाईक – माल विकत घेणारा
बोट शिवशिवणे – काही करण्याची अनावर इच्छा होणे
कपाळाला आठी पडणे – नाराजी किंवा गोंधळ चेहऱ्यावर दिसणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) 'बी-१७' विमानातील कोणत्या दोन कळी सारख्या दिसत?
(२) लूसी सचमन यांनी एका वेळी दोन माणसांना यंत्रापुढे का उभे केले?
(३) ६२०५ या बेअरिंगच्या आतील भोकाचा व्यास किती असतो?
(४) चाचणी घेणाऱ्याने पाळायचा सर्वांत अवघड नियम कोणता?

प्र. २. कारणे सांगा.
(१) फिटरने संकेतस्थळ बंद केले.
(२) सवलती दाखवणारे चित्र बदलावे लागणार, हे उघड झाले.
(३) उर्दू पान करताना केवळ शब्द बदलून चालत नाही.

प्र. ३. थोडक्यात उत्तरे लिहा.
(१) पत्त्यांचे गठ्ठे करण्याच्या चाचणीतून काय समजते?
(२) एकदम पन्नास माणसांऐवजी पाच पाच माणसांना का बसवावे?
(३) 'वैमानिकाची चूक' हा शेरा योग्य होता का? तुमचे मत लिहा.

प्र. ४. वाक्यांत उपयोग करा.
खाडाखोड होणे, बोट शिवशिवणे, कपाळाला आठी पडणे, लक्षात येणे

प्र. ५. भाषाभ्यास
कारखाना, मालक, नमुना, खरेदी, तक्रार, कारागीर हे शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा. उर्दूत त्यांचा अर्थ तोच आहे की थोडा वेगळा, ते लिहा.

उपक्रम
शाळेच्या वाचनालयातील वीस पुस्तकांची नावे वीस पत्त्यांवर लिहा. पाच मित्रांना किंवा मैत्रिणींना वेगवेगळे बोलावून पत्त्यांचे गठ्ठे करायला सांगा. त्यांनी केलेले गठ्ठे आणि कपाटातील विभाग यांत काय फरक आहे, ते लिहून शिक्षकांना दाखवा.